फोडातला दोरा

निघण्याआधी ज्यानं त्यानं विचारलं, "वारीला कशासाठी चाललीस?" नवस नव्हता, गळ्यात माळ नव्हती. आई गेली आणि घरात करण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस पहाटेही बदलावी लागते. ती जाग येतच राहिली. उठून करायचं काय, ते राहिलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता स्वतःसाठी जग." ते कसं करतात, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मग ओळखीच्या एका दिंडीची भिशी, म्हणजे वाटेवरची वर्गणी, भरून टाकली.

दिवेघाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, वाल्हे. घाटात रथापेक्षा वर धरलेले मोबाइलच जास्त दिसले. ओळ जरा मोडली की विणेकरी डोळे वटारायचे. तंबूत शेजारच्या आजी रात्री-अपरात्री हलवायच्या, "माउली, जरा हात दे की." हात द्यायचे आणि मनात चरफडायचे. यातूनच तर सुटून आले होते!

नीरास्नान झालं, लोणंदचा रस्ता धरला. एक सर येऊन बूट आतून भिजवून गेली आणि लगेच कडक ऊन पडलं. टाचेवर, चवड्यावर टरटरून फोड. पुढे गौळणी रंगल्या होत्या, बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या आणि मी बाभळीखाली बसून सगळ्यांना शिव्या घालत होते, विठोबापासून सुरुवात करून.

मागच्या कुठल्या तरी दिंडीतली एक म्हातारी थांबली. डोक्यावर तुळस, लुगडं वर खोचलेलं. "पाय दाव."

मी नको नको म्हणेतो तुळस खाली आणि माझा चिखलाचा पाय तिच्या मांडीवर. कमरेची चंची सोडली. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी नि चुन्याची डबी, आतल्या कप्प्यात काडेपेटी आणि कागदाच्या पुडीत दोरा ओवलेली सुई. काडी ओढून सुई तापवली, फोडाच्या एका कडेनं घातली, दुसऱ्या कडेनं काढली आणि दोरा आतच ठेवून तोडला. दोन्ही टोकं बाहेर लोंबत राहिली, त्यांवरून पाणी ठिबकायला लागलं.

"पानी काढायचं, कातडं न्हाई. त्येचं त्ये पडतंय." डॉक्टर नाक मुरडतील, मुरडोत बापडे.

"मावशी, तुम्ही कशासाठी करता वारी?"

तिनं असं पाहिलं, जणू मी भाकरी कशासाठी खाता म्हणून विचारलंय. "सासूची व्हती. ती थकली, मंग माझ्याकडं आली." झालं. पुडी माझ्या हातात कोंबली, "म्होरं लागंल," आणि तुळस उचलून दिंडी गाठायला निघूनसुद्धा गेली. नाव विचारायचं राहिलं.

लोणंदला सगळ्या दिंड्यांच्या समाजआरतीला कशीबशी उभी राहिले. चोपदारांनी चोप उंचावला, सगळे टाळ थांबले, तरी एका दिंडीचे वाजतच होते. तक्रार असली की दिंडी टाळ थांबवत नाही, तसंच काहीतरी असणार. चोपदार तिकडे गेले, हरवल्या-सापडल्याची यादी वाचून झाली, आरती झाली. तंबूत येते तर शेजारच्या आजींनी माझे लोंबते दोरे हेरलेले. "माझी पण टाच बघ गं."

फलटणपासून रोज संध्याकाळी पाय पुढे यायला लागले. वैताग आला. पुन्हा दुसऱ्याचं अंग, पुन्हा "हळू गं". पण हात कापत नव्हता. आईच्या पाठीवरच्या जखमा धुऊन तो सरावला होता. हे कुणाच्या उपयोगी पडेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. फलटणच्या बाजारात दोऱ्याचं नवं रीळ घेतलं, हळदीची पुडीही.

वेळापूरच्या धाव्याला सगळे "माउली, माउली" करत पळाले, तेव्हा माझ्या मांडीवर एका पोरीचा पाय होता. "तू पळ," ती म्हणाली. म्हटलं, "हलू नकोस."

पंढरपुरात दर्शनाची रांग पाहूनच धीर सुटला. कळसाला हात जोडले. मागायचं काय, ते ठरवेपर्यंत मागच्यानं ढकललं.

परतताना दिंडीचालक पुढच्या वर्षाची नावं लिहून घेत होते. म्हटलं, "माझं लिहा. पण ट्रकमध्ये माझी वळकटी गॅसच्या टाकीखाली नको, आणि तंबूत त्या आजींच्या शेजारची जागा नको."

पहिलं त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्यावर हसले. "त्यांनी तुमच्याच शेजारची जागा सांगून ठेवलीये, ताई. कालच."