वीस ओळींपलीकडचं नेट

मखमलाबादला आमच्या मळ्यात दोन घरं आहेत. रस्त्याला लागून नवा बंगला आणि द्राक्षबागेच्या पलीकडे जुनं दगडी घर. बंगल्याची वास्तुशांत झाली, सगळं सामान आलं, नाना आले नाहीत. "मला तिकडंच झोप लागते," एवढंच म्हणाले.

नेट मात्र बंगल्यात आलं. त्यामुळे संध्याकाळी सातला नाना ओट्यावर हजर. हवामानाची तीन ॲप उघडायची, तिन्हींवर अविश्वास दाखवायचा, चहा घ्यायचा आणि आठच्या आत माघारी. पावसाळ्यात चिखल तुडवत येताना बघितलं आणि ठरवलं, आता नेटच पलीकडे न्यायचं.

अंतर विचारलं तर नाना म्हणाले, "वीस ओळी." दोन ओळींत नऊ फूट, म्हणजे १८० फूट, साधारण ५५ मीटर. राऊटर खिडकीत ठेवला, २.४ गिगाहर्ट्झवर लावला (५ ला वेग जास्त, पण पल्ला कमी) आणि काय सांगू, नानांच्या ओट्यावर तीन दांड्या! नुकतीच गोडी छाटणी (फळासाठीची) झाली होती, वेली उघड्या होत्या. मी तर जग जिंकल्यासारखा मिरवत होतो.

दिवाळी झाली आणि एकेक दांडी गळायला लागली. मी राऊटर बंद-चालू केला, नेटवाल्याला दोन-तीनदा फोन केला, चार शब्द सुनावलेही. नानांनी एकदा द्राक्षांच्या मांडवाकडे बघितलं. "छाटणीला येत होतं. आता पानोळा भरलाय, वेली पानांनी गच्च. एप्रिलात खरड छाटणी झाली की येईल परत."

त्यांचं खरं होतं. पान म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. वीस ओळी हिरवीगार बाग माझं नेट पीत उभी होती, आणि उरलंसुरलं दोन फुटी दगडी भिंत अडवत होती. नेटवाल्याची माफी मागायची राहिलीच.

मग मधल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारी डबी, लावला. पण त्याला जेवढं ऐकू येणार तेवढंच तो पुढे सांगणार, आणि ऐकणं-सांगणं एकाच चॅनेलवर, म्हणून वेगही निम्मा. त्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. नानांचं नेट पिकाला पाणी द्यायच्या वेळापत्रकावर चालायला लागलं. विजेच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे ॲडाप्टर मिळतात, पण दोन्ही घरांची मीटरं वेगळी. केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे अंतरात बसत होती. पण वरून ट्रॅक्टर जाणार, आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकायची म्हणजे वळवाच्या विजेला आवतणच.

शेवटी मांडवाच्या वरूनच जायचं ठरलं. समोरासमोर बिनतारी बोलणाऱ्या दोन डब्या आणल्या. एक बंगल्याच्या गच्चीवर, दुसरी जुन्या घराच्या पत्र्यावर आठ फुटी पाइप उभा करून त्यावर. घरात भिंतीच्या आत वेगळा राऊटर. पत्र्यावर पुतण्या, गच्चीवर मी. मोबाईलमधला सिग्नलचा आकडा हलेना. नाना जिना चढून माझ्यामागे आले, लागवडीला दोरी धरताना मिटतात तसा एक डोळा मिटला आणि पुतण्याला ओरडले, "डावीकडं. बोटभर. बोटभर म्हटलं, हातभर नाही!" आकडा टुणकन वर गेला.

डिसेंबर आहे, पानोळा गच्च आहे आणि नेट पळतंय. पहिल्याच दिवशी सातला माझा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. स्क्रीनभर नानांचं कपाळ.

"तिन्ही ॲप उद्या पाऊस म्हणताहेत. येत नाही बघ."

"बरं चाललंय ना नेट?"

"चाललंय की. नेट पाठवलंस, आता त्यावरनंच चहा पण पाठव."

मी किटली आणि बॅटरी घेतली. पंधराव्या ओळीपाशी अजून ओल होती, चप्पल रुतली.