दिशा बरोबर, कॉल तोट्यात

बुधवार, रात्र

सोमवारची नोंद आज पुन्हा वाचली. ‘पाच मिनिटांचा चार्ट. आरएसआय तिशीखालून वर आला, 9 ची सरासरी 21 च्या वर. बाजार संपता संपता 20,000 चा कॉल घेतला, 140 ला.’ आरएसआय म्हणजे भावाच्या चढउताराचा जोर 0 ते 100 मध्ये सांगणारा आकडा, आणि 9 व 21 या छोट्या-मोठ्या काळाच्या सरासऱ्या; दोन्ही खुणा बाजार वर जाण्याच्या. कॉल म्हणजे मुदत संपेल त्या दिवशी (एक्स्पायरीला) निर्देशांक 20,000 च्या वर जितका असेल तितके पॉइंट मिळण्याचा हक्क. नोंदीखाली दोन रेघा मारल्यात. म्हणजे खात्री होती. आणि खात्री खोटीही ठरली नाही. निर्देशांक आज 20,060 ला बंद झाला. कॉल मात्र 95 वर.

आधी वाटलं, स्क्रीनवर भाव अडकलाय. नव्हता अडकला. मग वही घेऊन हिशेब मांडला.

घेतला तेव्हा एक्स्पायरीला तीन दिवस होते. स्ट्राइक (कॉलमधला ठरलेला आकडा, माझा 20,000) भावालाच लागून असेल तर प्रीमियम (कॉलची किंमत) साधारण उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो रोज सारखा झिजत नाही. तीन दिवसांचे 140, तर दोन दिवसांचे 114 आणि एका दिवसाचे 81. निर्देशांक जागचा हलला नाही तर पहिल्या दिवशी 26 जातात, दुसऱ्या दिवशी 33, आणि शेवटच्या दिवशी उरलेले सगळे 81. मंगळवारी बाजार दिवसभर एकाच जागी घुटमळला आणि कॉल 114 वर आला. माझी त्या दिवशीची नोंद काय, तर ‘आज काहीच घडलं नाही.’ 26 पॉइंट गेले होते, बाई!

आज दुपारी व्याजदराचा निर्णय आला. निर्देशांक वर सरकला, पण निर्णयाच्या धास्तीनं प्रीमियम फुगलेला होता, ती हवा निघून गेली. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे बाजार किती हलेल याचा प्रीमियममध्ये धरलेला अंदाज, 16 वरून 12 वर. ती 16 लाच राहिली असती तरी कॉल 114 च्या आसपासच असता. म्हणजे 60 पॉइंटांची वाढ आजच्या एका दिवसाच्या झिजेतच खपली असती.

थीटा (दिवसागणिक होणारी झीज), व्हेगा (व्होलॅटिलिटी बदलल्याचा परिणाम) हे शब्द मला गेली दोन वर्षं पाठ आहेत. पाठ असूनही सौदा टाकताना डोळे चार्टवरच असतात, आणि चार्ट निर्देशांकाचा असतो. मी विकत घेते ती वस्तू त्या चार्टवर नसतेच. कॉलची किंमत काढायच्या ब्लॅक-शोल्सच्या 1973 च्या सूत्रात काय काय लागतं ते आज परत पाहिलं: भाव, स्ट्राइक, उरलेला वेळ, व्याजदर, व्होलॅटिलिटी. बाजार वर जाईल की खाली, हे ते सूत्र विचारतच नाही. मी विचारते ती एवढीच गोष्ट.

आरएसआयचंही तसंच. वेल्स वाइल्डरनं तो 1978 मध्ये मांडला तेव्हा त्यातले 14, म्हणजे किती मागचं बघायचं तो आकडा, 14 दिवस होते. मी तेच 14 पाच मिनिटांच्या कँडलना (चार्टवरचे भावाचे खांब, प्रत्येकी पाच मिनिटांचे) लावते, म्हणजे जेमतेम 70 मिनिटांचा बाजार. सव्वा तासाकडेही न बघणाऱ्या खुणेवर मी तीन दिवसांचा कॉल घेतला होता. त्या खुणेची वाढ मंगळवारी सकाळीच संपली असेल. मला मिळालेले 60 पॉइंट व्याजदराचे होते.

जुन्या नोंदी चाळल्या. एन्ट्रीचं कारण सगळीकडे आहे, स्टॉपलॉस (किती तोट्यावर बाहेर पडायचं) बहुतेक ठिकाणी. तीनदा तर कँडल बंद व्हायच्या आत घाई केलीय आणि बंद होईपर्यंत सिग्नलच नाहीसा झालाय. (त्या तीन नोंदींत अक्षरही वाईट आहे.) पण ‘हे किती वेळात व्हायला हवं’ असं एका ठिकाणीही लिहिलेलं नाही. म्हणून आज नवा रकाना आखला: कधीपर्यंत.

कॉल अजून हातात आहे. 95 मधले 60 निर्देशांकाचे, 35 नुसत्या उद्याच्या दिवसाचे. एक्स्पायरीपर्यंत धरला तर 95 टिकवायलाच निर्देशांक 20,095 ला बंद व्हायला हवा, आणि माझे 140 परत मिळायला 20,140 ला. नव्या रकान्यात लिहिलं: ‘पहिल्या अर्ध्या तासात 20,100 ओलांडला नाही तर विकायचा.’

20,100 ला मागच्या आठवड्यातला रेझिस्टन्स आहे, म्हणजे वर जाताना भाव अडतो ती पातळी. अर्धा तासच का, ते मात्र मलाही सांगता येत नाही.