भोगवे : एका रात्रीसाठी गेलो, पाच राहिलो

प्लॅन साधा होता, भोगव्यात (सिंधुदुर्गातलं समुद्रकाठचं गाव) एक मुक्काम, मग होडीने पलीकडे देवबाग, पुढे मालवण, जमलं तर विजयदुर्गपर्यंत. प्रत्यक्षात सकाळची एसटी चुकली आणि मग रोजच चुकत राहिली. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या काकी संध्याकाळी विचारायच्या, "फाल्या जातलस काय रवतलस? तसा तांदूळ घालूक बरा." (म्हणजे उद्या जाणार की राहणार, त्या हिशोबाने तांदूळ टाकायला बरं.) तिसऱ्या दिवसानंतर त्यांनी विचारणं सोडलं आणि सरळ तांदूळ वाढवला.

जायचं कसं, तर कुडाळ स्टेशन. दादरची तुतारी किंवा रात्रीची कोकणकन्या. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधीच उघडतं त्यामुळे दिवस मोजून बसा, मे महिना आणि गणपतीत तर विचारूच नका. कुडाळहून परुळेमार्गे एसटी आहे पण गाड्या मोजक्या, स्टँडवर टाइम विचारून घ्या, आणि परतीचा टाइम गावातल्या माणसाला विचारा. मोबाईलवर बघितलेल्या टायमाच्या भरवशावर मी एक सकाळ वडाच्या पारावर काढलीय. कॅश कुडाळलाच काढा.

आता भोगव्यात करायचं काय? खरं सांगू, काही नाही. लांब पांढरी वाळू, मागे सुरूची झाडं आणि माड, उत्तरेच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. सकाळी ओहोटीला खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी बघत चालायचं, ऊन चढलं की झोपायचं. दुसऱ्या दिवशी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढत होते, दोन्ही टोकांना माणसं दोराला लागलेली, मी आपला फोटो काढत उभा, तर एक आजोबा ओरडले, "बघतस काय, हात लाव!" अर्धा पाऊण तास ओढली, तळहात सोलवटले, वर घारींचा गोंधळ, आणि शेवटी माझ्या वाट्याला पाच पेडवे आणि एक बांगडा. काकींनी तिरफळ घालून कढी केली, सोबत उकड्या तांदळाचा भात. एवढं मन लावून मी ऑफिसात कधी जेवलो नाही, अर्थात ऑफिसच्या कॅन्टीनलाही त्याबद्दल काही म्हणायचं नाहीये.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या, नदीच्या मुखाजवळ पोहू नका. वरून पाणी शांत दिसतं पण ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर जाताना जबर ओढ असते, पट्टीचे पोहणारेही तिथे उतरत नाहीत. डुंबायचंच तर मधल्या भागात, गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात, आणि तेही गावात विचारून.

हात-पाय मोकळे करायला निवतीचा किल्ला आहे, तटबंदी पडलीय, जांभ्याचे दगड, गवत, पण वरून एका बाजूला अख्खा भोगव्याचा किनारा दिसतो. चार वाजल्यानंतर जा, पाणी सोबत न्या. रात्री किनाऱ्यावर बसलं की समुद्रात लांब वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह लुकलुकताना दिसतं. मी ते मोजायचो, का ते मलाही माहीत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या माशांसाठी येत असाल तर ते दोन महिने टाळा.

सहाव्या दिवशी अलार्म न लावताच जाग आली. काकींनी आमसुलांची पुडी सॅकमध्ये कोंबली. देवबाग राहिलंच. गाडीत चढलो तर कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "आज नक्की ना? काल परवा हात करून परत फिरलात."