तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या शिव्या घालतो तर 'आउटवर्ड' खेळतो कशाला

दुकानात येणारी पोरं विचारतात, ग्रुपवरचे विचारतात, बायकोनं तर विचारायचंच सोडून दिलंय. प्रश्न एकच, की दादा तुम्ही त्या आउटवर्ड नावाच्या व्हिडिओ गेमला सारख्या शिव्या घालता, मग कुणी 'कोणता गेम घेऊ' म्हणलं की परत त्याचंच नाव कसं सांगता? आजपर्यंत 'बघ बाबा तुझं तू' म्हणून टाळत आलो. पण परवा एकानं माझाच २०१९ चा मेसेज उकरून काढून ग्रुपवर डकवला, 'पैसे पाण्यात, कुणी घेऊ नका', आणि त्याच्याखाली सगळ्यांचे दात काढलेले इमोजी. म्हणून एकदाच लिहायलोय, परत विचारू नका.

तर तो मेसेज माझाच आहे आणि त्यातलं एक अक्षर खोटं नाही. तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाते आणि त्याला काहीच होत नाही, त्यानं मात्र हातभर लांबून फिरवली तरी आपण आडवे. गावातली माणसं विजेच्या खांबासारखी एका जागी उभी, बोलली तर अर्ध्या वाक्यांना आवाज आहे अर्ध्यांना नाही, एका प्रदेशातून दुसऱ्यात जायचं म्हणलं की लोडिंगच्या टायमात चहा होऊन खाली बसतो, मैलभर माळरान आणि त्यात दोन तरस न तीन डाकू. कथा काय आहे विचाराल तर इतकी वर्षं खेळून मला अजून धड सांगता येणार नाही. वेगवेगळे गट आहेत, एकात सामील व्हायचं, मग कुणीतरी कुणाला तरी निरोप पोचवायला सांगतं आणि आपण तंगडतोड करत जातो.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, अहो हा गेम बनवणारा नाइन डॉट्स म्हणजे कॅनडातल्या क्यूबेकमधला छोटा स्टुडिओ आहे, स्कायरिम, विचर थ्री असले मोठे गेम काढणाऱ्यांचा पैसा कुठं न यांचा कुठं. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण आपण गेम विकत घेतो, स्टुडिओची परिस्थिती नाही. धाब्यावर कच्ची भाकर आली तर मालक गरीब आहे म्हणून खातो का आपण? (खातो. पण ते वेगळं.)

आता दुसरी बाजू. यात तुम्ही कुणी निवडलेले वीर वगैरे नाहीत. जहाज फुटून घरी येता, सिएर्झो नावाच्या समुद्रकाठच्या गावात, आणि दारात गाव उभं. घराण्याचं जुनं देणं आहे, पाच दिवसांत १५० चांदीची नाणी आणा नाहीतर घर सोडा. पहिल्यांदा खेळलो तेव्हा आमचे अण्णा मागं खाटेवर बसून बघायले होते. म्हणले, कर्ज कुणाचं? म्हणलं, वाडवडलांचं. म्हणले, मग बरोबर आहे. जरा वेळानं म्हणले, व्याज किती? म्हणलं व्याज नाही, पण पाचच दिवस आहेत. तर म्हणले, "पाच दिवस? आपली सोसायटी तरी मार्चएंडपर्यंत थांबती." गेमच्या सुरुवातीवर याच्याहून चांगलं परीक्षण मी कुठं वाचलं नाही.

आणि पाणी. या गेममध्ये तहान लागते, पखाल भरून घ्यावी लागते, घाण पाणी प्यालं तर पोट बिघडायची भीती, ते जाळावर उकळून घ्यायचं. पुण्या-मुंबईच्या पोरांना हा वैताग वाटतो. आम्ही २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आलेल्या जलदूत रेल्वेचं पाणी प्यालेली माणसं, घरातनं निघायच्या आधी भांडी भरलीत का बघायची सवय अंगातच आहे. अब्रासार नावाचं वाळवंट आहे त्यात, तिथं उन्हात चालताना मला कुठलीच हौस वाटत नाही, मे महिन्यात औशाच्या स्टँडवर उभं राहिल्यासारखंच वाटतं, आणि तरी मी चालतो. नकाशा आहे पण त्यावर आपण कुठं आहोत ते दाखवत नाही. सुरुवातीच्या प्रदेशात मधला तो कॉन्फ्लक्सचा डोंगर बघायचा, तो डाव्या हाताला ठेवून चालायचं. आमच्याकडं पाव्हण्याला घरचा पत्ता असाच सांगतात.

जादूसुद्धा फुकट नाही. त्या डोंगराच्या पोटात जाऊन आपलीच ताकद आणि आयुष्याची पट्टी कायमची कापून द्यायची, तेव्हा बदल्यात मंत्रशक्ती मिळते. आणि एवढं देऊन पहिल्यांदा हातात काय येतं, तर ठिणगी. शेकोटी पेटते तिच्यावर. आधी जमिनीवर अग्नीचं रिंगण मांडून त्यात उभं राहून तीच ठिणगी टाकली तर मात्र आगीचा गोळा होऊन जातो. हे कुणी सांगत नाही. मला कळायला पंधरा दिवस लागले आणि ज्या रात्री कळलं त्या रात्री मी एकटाच खोलीत हसलो.

हे सगळं मी दुकानात शंभर वेळा सांगितलंय. न सांगितलेलं पुढं आहे.

एप्रिल २०२०. लॉकडाऊनमुळं दुकान बंद, मी गावाकडं. बारका भाऊ पोलीस भरतीची तयारी करायला लातूरला रूम करून होता, तोही आलेला. भरतीत दोन मार्कांनी राहिला होता, त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. आउटवर्डची एक गोष्ट खरंच भारी आहे, एकाच स्क्रीनचे दोन भाग करून दोघांना खेळता येतं. लॅपटॉप टीव्हीला जोडला, मी कीबोर्डवर, तो कंट्रोलरवर, नवीन सुरुवात, परत ते १५० चांदीचं कर्ज. लाईट असली की खेळायचो, लाईट गेली की माळवदावर जाऊन पुढं काय करायचं त्याचा बेत. अण्णा सकाळी विचारायचे, फिटलं का रे?

चौथ्या दिवशी माझ्या बॅगेत विकायचा एवढा माल होता की दीडशेच्या वर गेले असते. गाव समोर दिसायलं होतं. वाटेत दोन डाकू. लढायच्या आधी पाठीवरची बॅग खाली टाकायची असते, नाहीतर अंग नीट चुकवता येत नाही, म्हणून मी झुडपामागं बॅग टाकली. कंदील बॅगेलाच अडकवलेला, पखाल आतच. एकाला पाडलं, दुसऱ्यानं मला पाडलं. दोघं खेळताना एक पडला तर दुसरा येऊन उठवू शकतो. मी ओरडलो, "येऊ नको, माल घे न पळ!" तो आला. मला उठवायला वाकला, आणि वाकलेल्याला मागून वार बसला. स्क्रीन काळी. यात माणूस मरत नाही, गेम तुम्हाला उचलून दुसरीकडं नेऊन टाकतो. आम्हाला वेंडावेलच्या किल्ल्यात नेऊन टाकलं, कैदी म्हणून, खाणीत राबायला. मागचं सेव्ह लोड करायची, म्हणजे मागं जाऊन परत तिथनं खेळायची सोय नाही, गेम आपला आपण सेव्ह करत जातो. बाहेर पडेपर्यंत मुदत जाणार हे दोघांनाही कळलं.

मी त्याला म्हणलो, "एक गोष्ट सांगितलेली कळत नाही तुला. म्हणूनच राहिलास भरतीत."

त्यानं कंट्रोलर दिवाणावर ठेवला, आपटला पण नाही, आणि पांघरूण घेऊन माळवदावर गेला. आतून आईचा भांड्यांचा आवाज थांबला होता. सकाळी अण्णांनी फिटलं का विचारलं नाही.

जूनमध्ये तो चाकणला कंपनीत लागला. आता बरं चाललंय, फोन होतात, दिवाळीला येतो. त्या रात्रीचं त्यानं कधी काढलं नाही, मीपण नाही. सॉरी म्हणलो नाही. आमच्याकडं भावाभावांत कुणी म्हणत नाही. हे कारण होत नाही, मला माहितीय.

आठवड्यानं मी एकट्यानं पुढं खेळलो. कैदेतून सुटलो, घर गेलेलं होतं, पण मुदत संपली म्हणून गेम संपत नाही, आता कुठं झोपायचं ते बघा म्हणतो. त्या झुडपाकडं गेलो. बॅग तिथंच होती, कंदिलासकट, सगळा माल जसाच्या तसा.

आता २०१९ चा मी असता तर म्हणला असता, बघ, तू गेम चांगला म्हणत नाहीयेस, तुला भावाचं लागलंय म्हणून त्यात अडकलायस. असेल. पण त्या शहाण्यानं मेसेज लिहिला तेव्हा सहा तास खेळला होता, त्याला अजून ठिणगीचा गोळा करता येत नव्हता. आणि मी उलटं म्हणलो की सेव्ह लोड करता येत नाही यातच या गेमचा जीव आहे, तर तो विचारील की मग त्या रात्री तू एवढा पिसाळलास कशाला. त्याला काय सांगू? कधी वाटतं ही सोय हवीच होती, लोड केलं असतं, हसलो असतो, परत पळालो असतो. कधी वाटतं तसं असतं तर हा गेम मी पंधरा दिवसांत काढून टाकला असता. दोन्ही खरं वाटतं, कोणत्या दिवशी विचारता त्यावर आहे. तलवार मात्र अजूनही आरपार जाते, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

घ्यायचाच असेल तर २०२२ ला आलेली डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, 'सोरोबोरियन्स' आणि 'थ्री ब्रदर्स' हे नंतर आलेले दोन्ही जोडभाग त्यातच येतात, आणि सेलची वाट बघा. दोघं खेळणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण गेम सांगत नाही. कथा फक्त ज्याचं जग आहे त्याचीच पुढं सरकते, सोबत्याचं कॅरेक्टर माल घेऊन जाईल, पण त्याचं कर्ज त्याच्या जगात तसंच राहतं. बारक्याचं कॅरेक्टर माझ्या लॅपटॉपवर अजून आहे. त्याच्या जगात अजून पहिलाच दिवस आहे.