सेंट आयव्हज: बार्बरा हेपवर्थ यांच्या बागेत

इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या सेंट आयव्हजला जायचं तर लंडनहून पेन्झन्सकडे जाणाऱ्या गाडीतून सेंट अर्थ स्थानकावर उतरायचं आणि तिथून छोटी गाडी पकडायची. प्रवास थोडाच, पण उजव्या हाताची खिडकी सोडू नका. हेल नदीचं मुख मागे पडतं, कार्बिस बे येतं आणि खाली अख्खा उपसागर उघडतो. १९३९ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध अगदी तोंडावर असताना, शिल्पकार बार्बरा हेपवर्थ याच किनाऱ्यावर येऊन राहिल्या. सोबत चित्रकार पती बेन निकल्सन आणि पाच वर्षंही पूर्ण न झालेली तिळी मुलं. पुढची ३६ वर्षं, म्हणजे शेवटपर्यंत, त्यांनी हा किनारा सोडला नाही.

मला त्यांची बाग बघायची होती. शिल्पं संग्रहालयात भेटतात तशी इथे भेटत नाहीत, असं मी वाचलं होतं आणि ते खरं निघालं.

सेंट आयव्हजच्या गल्ल्या अरुंद आणि चढाच्या, वर सीगलचा कलकलाट. बार्नून हिलच्या चढणीवर उंच भिंतीआड ट्रेविन स्टुडिओ आहे. १९४९ मध्ये हेपवर्थबाईंनी तो लिलावात घेतला. लग्न मोडण्याच्या वाटेवर होतं. आधी काम करायला आणि थोड्याच काळात राहायलाही त्या इथे आल्या. बागेची आखणी करताना संगीतकार मैत्रीण प्रिओ रेनिये यांची मदत झाली. ताडाची झाडं, बांबू, गुलाब आणि मधूनमधून ब्राँझ आणि दगड. कुठलं शिल्प कुठे उभं राहणार, हे बाईंनी स्वतः ठरवलेलं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती ‘फोर-स्क्वेअर (वॉक थ्रू)’पाशी. १९६६ चं हे काम, माणसाच्या दुपटीहून उंच. ब्राँझचे चौकोनी फलक एकमेकांवर रचलेले आणि प्रत्येकाला मोठं गोल भोक. बाहेरून ते जड, जवळजवळ अंगावर येणारं वाटतं. आत जाऊन उभं राहिलं की वजन कुठल्या कुठे जातं. एका वर्तुळात पानं, दुसऱ्यात ढग, एक पाऊल सरकलं की चर्चचा मनोरा. ब्राँझवर हिरवट झाक चढलेली, पण भोकाच्या कडेला मात्र धातू तुकतुकीत. नुकतीच सर येऊन गेली होती आणि शेजारच्या ‘रिव्हर फॉर्म’च्या पोकळीत पाणी साचून त्यात आभाळ उतरलं होतं.

दगडाला आरपार भोक पाडण्याचं काम बाईंनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रथम केलं. ते अ‍ॅलाबास्टर या मऊ दगडातलं छोटं शिल्प युद्धात नष्ट झालं. लीड्सच्या कलाशाळेतले त्यांचे सहाध्यायी हेन्री मूर यांनीही लवकरच ती वाट धरली आणि दोघांची तुलना जन्मभर मागे लागली. मला ती तुलना बाईंवर अन्याय करणारी वाटते. मूर यांच्या भोकात मला शरीर दिसतं, बाईंच्या भोकातून पलीकडचा मुलूख दिसतो. त्यांचे वडील यॉर्कशरमध्ये सरकारी अभियंता होते. लहानपणी त्यांच्या मोटारीतून हिंडताना रस्ते, टेकड्या, उतार त्यांनी अंगावर घेतले होते. ‘पेलागॉस’ या १९४६ च्या शिल्पात तर हाच उपसागर आहे: एल्मच्या लाकडाचा पोकळ, वळत जाणारा गोल, आतून फिका रंगवलेला आणि दोन टोकांमध्ये तंबोऱ्यासारख्या ताणलेल्या तारा. समुद्र, वारा, टेकड्या आणि आपण यांच्यात जो ताण जाणवतो तो म्हणजे या तारा, असं त्या सांगत.

बागेच्या कडेला दगडकामाची खोली आहे. आत जाऊ देत नाहीत, काचेतून बघायचं. छिन्न्या, हातोडे, कानशी, खुंटीला लटकलेले कामाचे डगले आणि अर्धवट कोरलेले संगमरवराचे ठोकळे. संगमरवर कसा कोरायचा हे त्या विशीत इटलीत शिकल्या. मातीचा नमुना करून तो कारागिराकडे सोपवायचा, ही तेव्हाची रीत त्यांनी नाकारली आणि स्वतः थेट दगडाला भिडल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ब्राँझकडे वळल्या तेव्हाही तोच हट्ट. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टर थापायचं, ते कडक झालं की दगडासारखं तासायचं आणि मगच ओतकामाला पाठवायचं.

युद्धाच्या वर्षांत दिवस मुलांमध्ये आणि भाजीपाला पिकवण्यात जाई आणि चित्रं, छोटे नमुने रात्री होत. रोज अर्धा तास का होईना, काम झालंच पाहिजे, म्हणजे प्रतिमा मनात वाढत राहतात, असं त्या म्हणत. घर आणि मुलं सांभाळून काही घडवू बघणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे वाक्य ऐकवते.

पहिल्या लग्नाचा मुलगा पॉल हवाईदलात होता. १९५३ मध्ये थायलंडमध्ये विमान अपघातात तो गेला. त्याच्या आठवणीत केलेली ‘मॅडोना अँड चाइल्ड’ गावच्या चर्चमध्ये आहे. बाग बघून झाली की उताराने तिथे जाच. ज्यांनी मानवी आकृती जवळपास सोडून दिली होती, त्यांनी इथे सरळ आई आणि बाळ कोरलं. मला तिथे शब्द सुचले नाहीत.

स्टुडिओच्या समोरच ‘पॅले द दान्स’ ही जुनी नाचघराची इमारत आहे. ती त्यांनी १९६१ मध्ये घेतली, कारण कामं बागेत मावेनाशी झाली होती. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर ६.४ मीटर उंचीचा ‘सिंगल फॉर्म’ उभा आहे, विमान अपघातात गेलेले सरचिटणीस आणि बाईंचे स्नेही डॅग हॅमरशोल्ड यांचं स्मारक. त्याचं पूर्ण आकाराचं प्लॅस्टर इथेच घडलं.

२० मे १९७५ च्या रात्री स्टुडिओला आग लागली आणि त्यात बाई गेल्या. पुढच्याच वर्षी, त्यांच्या इच्छेप्रमाणे, घर आणि बाग लोकांसाठी खुली झाली. १९८० पासून टेट ही ब्रिटनमधली कलासंग्रहालयांची संस्था ती सांभाळते.

एक सुचवते. पोर्थमिऑर किनाऱ्यावरचं टेट सेंट आयव्हज दुपारी ठेवा आणि बाग सकाळी, ऊन तिरपं असताना बघा. परतताना लंडनमध्ये हाताशी तास असेल तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईस या मोठ्या दुकानाच्या इमारतीची बाजूची भिंत शोधा. १९६३ पासून तिथे त्यांची ‘विंग्ड फिगर’ आहे, अ‍ॅल्युमिनियमचे दोन पंख आणि मध्ये ताणलेल्या सळ्या. तिकीट नाही, रांग नाही. फक्त मान वर करायची.