२९ = २ + ३ + २४: जुना बॉक्स स्कोअर कसा तपासतात

००० ००० ००० – ० ० ०. बेसबॉलच्या बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या छापील आकडेवारीत, ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या नावापुढची ही ओळ ८ ऑक्टोबर १९५६ची, वर्ल्ड सिरीज या अमेरिकेतल्या अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्याची. न्यूयॉर्क यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) डॉन लार्सन याने त्या दिवशी ओळीने २७ फलंदाज बाद केले, एकालाही पहिला बेस गाठू दिला नाही. ओळीतले पहिले नऊ आकडे एकेका डावातल्या धावांचे, शेवटचे तीन एकूण धावा, हिट (फटका मारून बेस गाठणं) आणि चुकांचे. चुका मात्र त्याच संघाच्या क्षेत्ररक्षणातल्या. आपल्याकडचे लोक हमखास इथे फसतात. यांकीजची ओळ: ००० १०१ ०० आणि नवव्या डावात फुली, मग २ ५ ०. पुढे असलेल्या यजमानांना नववा डाव खेळावाच लागला नाही, म्हणून फुली.

छापलेला बॉक्स स्कोअर बरोबर आहे का, हे कागदावरच तपासता येतं. फलंदाजीला आलेल्यांची एकूण संख्या म्हणजे त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि बाद झालेले यांची बेरीज. यांकीजच्या ‘अ‍ॅट बॅट’ रकान्याची, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्यांची, बेरीज २६ येते. त्यात २ वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) आणि लार्सनचा १ सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा हलका टोला) मिळवायचा, कारण दोन्ही त्या रकान्यात धरत नाहीत. झाले २९. दुसरीकडे २ धावा, अडकलेले ३, बाद २४ (आठ डाव, प्रत्येकी तीन). ताळा जमला. डॉजर्सचा हिशेब तर पोरखेळ: २७ आले, २७ गेले.

क्षेत्ररक्षणाच्या ‘पुटआउट’ रकान्याचीही (कोणी किती जणांना प्रत्यक्ष बाद केलं) अशीच बेरीज करावी. यांकीजची अशी: बेरा ७, कॉलिन्स ७, बाउर ४, मँटल ४, मार्टिन ३, स्लॉटर १, केरी १: एकूण २७. स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) पुटआउट फलंदाजामागे उभ्या कॅचरच्या खात्यात जातो, म्हणून यॉगी बेराचे ७ आणि लार्सनचे ७ स्ट्राइकआउट जुळतात. लार्सनच्या स्वतःच्या नावावर मात्र शून्य!

पण हा रकाना सगळं एकाच मापाने मोजतो. पाचव्या डावात डॉजर्सच्या हॉजेसचा लांब फटका मँटलने धावत जाऊन टिपला, तोही १ आणि मार्टिनने दुसऱ्या बेसजवळ घेतलेला सोपा झेलही १. दुसऱ्या डावात डॉजर्सच्याच जॅकी रॉबिन्सनचा जोरदार फटका तिसऱ्या बेसवरच्या केरीच्या ग्लोव्हला लागून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला खेळाडू) मॅकडूगल्डकडे गेला आणि त्याने पहिल्या बेसवर फेकून रॉबिन्सनला बाद केलं. स्कोअरकार्डावर हे ५-६-३. आकडे जागांचे (५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप, ३ पहिला बेस), जर्सीचे नव्हेत. ग्लोव्हला लागून चेंडूची दिशा बदलली आणि त्यातून फलंदाज बाद झाला, म्हणून केरीला असिस्ट (बाद करायला हातभार लावल्याची नोंद) मिळतो. बॉक्स स्कोअरमध्ये यातलं काहीच कळत नाही, त्यासाठी चेंडूगणिक नोंदच बघावी लागते. लार्सनने ९७ चेंडू टाकले आणि तीन बॉलपर्यंत (स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेरचे चेंडू) तो फक्त पहिल्या डावात, डॉजर्सच्या रीससमोर गेला, हेही तिथलंच.

ताळा जमला नाही, तर आधी खालच्या बारीक टायपातल्या ओळी वाचाव्यात. सॅक्रिफाइस तिथे असतात, चेंडू अंगाला लागून बेस मिळालेलेही तिथेच. मग बदली फलंदाज पाहावेत: त्यांच्या नावाआधी एक बारीक अक्षर असतं आणि खुलासा तळाशी. डॉजर्सचा पिचर मॅग्ली याच्या जागी फलंदाजीला आलेला डेल मिचेल असाच सापडतो. मॅग्लीचे अ‍ॅट बॅट २, मिचेलचा १. तो १ सुटला की डॉजर्सची बेरीज २६वर अडते.