वाकडी काढलेली साखळी

मंगळवार, रात्री

आज अकरावीच्या तासाला सात कार्बनचा एक रेणू फळ्यावर मुद्दाम वाकडा काढला. पाच कार्बन आडव्या ओळीत आणि डावीकडून दुसऱ्यावर दोन कार्बनची उभी फांदी. लगेच उत्तर आलं, "२-इथिलपेंटेन, मॅडम!" मी त्या मुलीलाच फळ्यापाशी बोलावलं. म्हटलं, उजव्या टोकापासून बोट फिरव आणि सगळ्यांत लांब वाट शोध. ती मोठ्याने मोजत निघाली. चारपर्यंत सरळ गेली, थबकली, मग बोट वर वळलं. पाच, सहा! डावीकडे उरला एकटा मिथिल, म्हणजे एका कार्बनची फांदी. नाव झालं ३-मिथिलहेक्झेन.

रेणूंचं नामकरण शिकवताना मला हे वळलेलं बोट फार मोलाचं वाटतं. एक ते चार कार्बनच्या साखळ्यांची नावं, मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन, मुलं एका संध्याकाळीत पाठ करतात, पुढे बहुतेक ग्रीक आकडेच आहेत. नियमही मोजकेच: लांब साखळी धरा, फांदीला लहान क्रमांक मिळेल त्या टोकाकडून मोजा. साखळीचा हा नियम १८९२ साली जिनिव्हाला जमलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी ठरवला, तो आजही वर्गात रोज लागतो. पण आडवी ओळ ही फळ्याची सोय आहे, रेणूला आडवं-उभं काही नसतं, हे डोळ्यांत बसायला वेळ लागतो. तो द्यायलाच हवा.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, सूत्र एकच तर नावं वेगळी कशाला? फार आवडला मला. पाच कार्बन, बारा हायड्रोजन घ्या. सरळ पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळतो, २-मिथिलब्युटेन २८ ला आणि २,२-डायमिथिलप्रोपेन साडेनऊलाच, म्हणजे आपल्या हवेत तो वायूच. पेट्रोलचंही तसंच. इंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके न देता किती नीट जळतं हे सांगणाऱ्या ऑक्टेन क्रमांकाच्या मोजपट्टीवर १०० हा आकडा २,२,४-ट्रायमिथिलपेंटेनचा, सरळ साखळीचा ऑक्टेन मात्र शून्याच्याही खाली. दोघांत आठच कार्बन! हे ऐकल्यावर पोरांनी ते 'दोन, दोन, चार' वहीत स्वतःहून काढून पाहिलं.

उद्या द्विबंध, म्हणजे दोन कार्बनमधला दुहेरी बंध. ३-मिथिलब्युट-१-ईनपासूनच सुरुवात करणार. फांदीच्या बाजूने मोजलं तर तिला २ मिळतो, पण लहान क्रमांकाचा पहिला मान द्विबंधाचा. तो रेणूही वाकडाच काढीन.